देवळातली पेटी भंगारात घालू नका

सप्ताह जवळ आला की गावोगाव देऊळ झाडायला काढतात आणि माळ्यावरची जुनी पेटी खाली येते. भात्याचं कातडं उंदरांनी कुरतडलेलं, दोन-चार पट्ट्या बसलेल्या. ‘आता कीबोर्ड आहे, हिला कोण विचारतंय?’ म्हणत तिची रवानगी भंगारात होते. आंबेगाव तालुक्यातल्या एका भजनी मंडळात मी पेटीवर बसतो. मला हे बघवत नाही.

युरोप-अमेरिकेतही जुने पियानो असेच टाकले जातात. पण तिथे निदान कारण आहे. पियानोत २०० हून जास्त तारा असतात, त्यांचा मिळून ताण १८-२० टनांच्या घरात जातो. तो पेलायला ओतीव लोखंडाचा सांगाडा लागतो. असं धूड हलवायचा नि दुरुस्त करायचा खर्च त्याच्या किमतीच्या वर जातो. आपली पेटी एकटा माणूस उचलतो आणि ती साध्या स्क्रूड्रायव्हरने उघडते. आपल्याला ती सबब नाही.

उघडून बघा तरी. आत लाकडी फळीवर पितळी सूर ओळीने बसवलेले दिसतील. सुराची जीभ टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. कारागीर जिभेखाली पातळ पत्रा सरकवतो, एक हलका हात मारतो, भाता देऊन ऐकतो, पुन्हा घासतो. हात जरा जड पडला तर जीभ कायमची जाते. हे काम कानाने शिकायचं असतं आणि त्यात वर्षं जातात. जुन्या पेट्यांत जर्मन किंवा पॅरिसचे सूर सापडतात; भात्याला नवं कातडं लावलं की त्या आजही गोड बोलतात.

१९४० साली सरकारी रेडिओने पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत राहिली. तेव्हाही कीर्तनात, भजनात आणि तमाशा कलावंत विठाबाईंच्या नारायणगावातल्या फडांत पेटी वाजतच होती. सरकारने टाकलेली पेटी गावाने सांभाळली. आता गावच तिला टाकतंय.

कीबोर्डला माझा विरोध नाही. पण सप्ताहाच्या वर्गणीतून मंडप, स्पीकर, पंगती सगळं निघतं, तर थोडे पैसे पेटीच्या दुरुस्तीलाही निघावेत. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. तिथेच पेटी दुरुस्त करणाऱ्याला एक राहुटी द्या. येताना गावची पेटी घेऊन या, आणि मंडळातलं एखादं पोर त्याच्याजवळ बसवा. हाताला काम असेल तरच हा कारागीर टिकेल. तो गेला, तर आज हौसेने घेतलेली नवी पेटीसुद्धा उद्या पहिल्याच बिघाडाला भंगारात जाईल.