एका परकी शब्दाची कोतवाली

इंग्रजींत 'व्हेग्रंट' म्हणून एक शब्द आहे. ज्याला घर नाहीं, ठरलेला धंदा नाहीं आणि जो ठिकठिकाणीं हिंडतो तो, असा त्याचा अर्थ कोशांत दिलेला असतो. हिंडणें या अर्थाच्या लॅटिन धातूची छाया त्यावर पडलेली आहे. परंतु त्या छायेंतील दुसऱ्या शब्दांच्या वांट्यास असलें दुर्दैव आलेलें नाहीं. मेंदूपासून निघून हृदय, फुप्फुसें व जठर येथपर्यंत हिंडत जाणाऱ्या मज्जातंतूस वैद्य लोक 'व्हेगस' म्हणतात, आणि त्याच्या हिंडण्यावर आपलें प्राणरक्षण चाललेलें असतें. आपली वाट सोडून भलत्याच प्रदेशांत आलेल्या पक्ष्यास पक्षिनिरीक्षक 'व्हेग्रंट'च म्हणतात. तो दिसला कीं मोठ्या हर्षानें वहींत त्याची नोंद करतात. माणूस तसा आला तर त्याचीही नोंद होते. मात्र ती वही पोलिसांची असते.

हा भेद आपोआप झालेला नाहीं. इंग्लंडांत १८२४ सालीं झालेल्या कायद्यानें उघड्यावर वा गोठ्यांत निजणारा, आपल्या निर्वाहाचा समाधानकारक खुलासा न देणारा व भविष्य सांगणारा, अशा सर्वांस एकाच जाळ्यांत ओढलें. हिंदुस्थानांत १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि १९११ सालीं त्याचा विस्तार मुंबई इलाख्यासारख्या प्रांतांपर्यंत झाला. ज्या जमातींचीं नांवें यादींत चढलीं त्यांस हजेरी व परवाना यांवांचून हलण्याची सोय उरली नाहीं. माणसानें काय केलें हें विचारण्याऐवजीं तो कोणाच्या पोटीं जन्मला एवढेंच विचारणें पुरेसें झालें! १९५२ सालीं तो कायदा रद्द होऊन ते लोक 'विमुक्त' म्हणविले जाऊं लागले. परंतु स्वराज्यांत, १९५९ सालीं, मुंबई राज्यानें भिक्षाप्रतिबंधक कायदा केला, त्यांत गाणें, नाचणें, भविष्य सांगणें हीं भिक्षेचीं निमित्तें ठरलीं आणि निर्वाहाचें दृश्य साधन नसतां सार्वजनिक जागीं हिंडणें यासही त्या व्याख्येंत स्थान मिळालें. इंग्रज गेला, पण त्याचा हा शब्द आमच्या कचेरींत कोतवाल होऊन राहिला.

आमच्या भाषेस या शब्दाची गरज होती काय? मराठींत हिंडणाऱ्याला एक नांव नाहीं. अनेक आहेत, आणि प्रत्येक नांवांत त्याचें काम सांगितलेलें आहे. वारकरी, यात्रेकरू, परिव्राजक, वासुदेव, पांगुळ, बहुरूपी, नंदीबैलवाला, डौर वाजवीत येणारा गोसावी, मेंढपाळ, लमाण. नांव ऐकतांच हा दारीं कशासाठीं आला हें घरांतल्या पोरालाही कळत असे. 'व्हेग्रंट' या शब्दांत काम कोठेंच नाहीं. आहे तो केवळ अभाव: घर नाहीं, शेत नाहीं, पत्ता नाहीं. ज्या भाषेंत माणूस त्याच्या कामावरून ओळखला जात होता, तेथें तो त्याच्याजवळ काय नाहीं यावरून ओळखला जाऊं लागला.

खानदेशाच्या वाचकांस याचा पुरावा दूर शोधावयास नको. जळगांव जिल्ह्यांत आज ज्यांचे तांडे वसलेले दिसतात त्या लमाणांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून मुलुख तुडवीत. त्यांच्या हिंडण्यावर बाजार चालत, लष्करें जेवत. १८६० नंतर आगगाडी भुसावळास आली, माल डब्यांतून जाऊं लागला आणि बैलाची पाठ रिकामी झाली. धंदा यंत्रानें नेला. मग धंदा नाहीं म्हणून कायद्यानें संशय घेतला. धुळें जिल्ह्यांतील ठेलारी मेंढपाळ आपले कळप घेऊन पिकें निघालेल्या रानांत उतरतात. मेंढ्या शेतांत बसल्या म्हणजे शेताला खत मिळतें. यांना निरुद्योगी म्हणणाऱ्यानें एकदां त्यांच्याबरोबर दहा कोस चालून पाहावें.

आतां त्याच धुळ्यांतील दुसरें उदाहरण घ्या. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गांवोगांव पायपीट करून जुनीं दप्तरें शोधीत हिंडले आणि त्यांनीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले. १९२६ च्या अखेरीस त्यांनीं धुळ्यांतच देह ठेवला आणि पुढच्याच वर्षीं त्यांच्या नांवें तेथें संशोधन मंडळ उभें राहिलें. विनोबांनीं १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत गीतेवर प्रवचनें दिलीं. गीतेंतील आदर्श भक्ताचें एक विशेषण 'अनिकेत' म्हणजे बिनघराचा, असें आहे. पुढें १९५१ पासून विनोबा स्वतः वर्षानुवर्षें भूदानासाठीं देश पायीं तुडवीत राहिले. यांच्या हिंडण्यापुढें आम्ही हात जोडतों, आणि तें योग्यच आहे. रविवारीं आमचीं मुलें गडावर गेलीं तर तिला आम्ही कौतुकानें 'भटकंती' म्हणतों. मात्र त्याच धातूचा 'भटक्या' दारांत उभा राहिला कीं कडी लावतों. दोष पायांचा नसून चालणाऱ्याच्या कपड्यांचा आहे, असेंच ना?

या कडीचें टोक कोठें जातें तें १ जुलै २०१८ रोजीं दिसलें. साक्री तालुक्यांतील राईनपाडा येथें, मुलें पळविणारी टोळी आली आहे अशा अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच भिक्षुकांस जमावानें ठार मारलें. सुशिक्षितांनीं लगेच निकाल दिला कीं हें अज्ञानाचें फळ. अज्ञान होतेंच, परंतु अनोळखी फिरस्ता म्हणजे गुन्हेगार हें समीकरण त्या जमावानें रचलेलें नाहीं. तें कायद्यांच्या पुस्तकांतून, पोलिसांच्या यादींतून आणि आमच्या ओट्यावरील गप्पांतून दीडशें वर्षें खालीं झिरपत गेलें आहे. अफवेनें फक्त काडी लावली. गवत आम्हीच वाळवून ठेवलें होतें.

कोणी म्हणेल, आमचे लोकही फिरस्त्यांस कोठें पूजीत होते? 'उनाड', 'भटकभवानी' हे शब्द आमचेच ना? त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालच्या 'गांव-गाडा' या ग्रंथांत फिरस्त्यांचा भार कुणब्यावर कसा पडतो हें मांडलेंच आहे. हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळण्याची आमची इच्छा नाहीं. गांव फिरस्त्यावर रागावत असे, त्याला वेशीबाहेर उतरवीत असे, त्याच्याशीं दाण्यावरून भांडत असे. परंतु ज्याच्याशीं भांडावयाचें तो कोण हें गांवास ठाऊक असे. भार वाटणें निराळें आणि गुन्हेगार ठरविणें निराळें. पहिल्यावर तोड निघते. दुसऱ्यावर फक्त काठी निघते.

सवलतींसाठीं 'भटक्या जमाती' हें नांव सरकारी कागदावर लागतें, त्याविरुद्ध आमचें म्हणणें नाहीं. हक्क ज्या नांवानें मिळतो तें नांव राहूं द्यावें. आमचें मागणें लेखकांपाशीं, शिक्षकांपाशीं व वृत्तपत्रकारांपाशीं आहे. 'संशयित भटक्यास पकडलें' असें लिहिण्यापूर्वीं तो काय करीत होता तें लिहा. मुलांना त्या जमातींचीं नांवें व कामें शिकवा. आणि १९५९ च्या कायद्यांतील ती व्याख्या एकदां डोळ्यांखालून घाला. दिल्लीच्या उच्च न्यायालयानें, राईनपाड्यानंतर सव्वा महिन्यानें, ऑगस्ट २०१८ मध्यें, त्या शहरापुरतीं या कायद्यांतील कित्येक कलमें घटनाबाह्य ठरविलीं. जो कायदा मुंबई राज्यानें जन्मास घातला त्याचा न्याय दिल्लीनें करावा आणि महाराष्ट्रानें स्वस्थ बसून ऐकावा, हें आम्हांस भूषणावह नाहीं.