थकलेल्या इंजिनाला वायूचा टेकू

थकलेल्या माणसास विश्रांती द्यावी, औषधपाणी करावे, हा जगाचा साधा व्यवहार आहे. त्यास मद्याचा पेला पाजून पुन्हा डोंगर चढावयास लावावे, असे कोणताही शहाणा वैद्य सांगणार नाही. यंत्राच्या बाबतीत मात्र हा विवेक आपल्यातील पुष्कळांस राहत नाही. जुन्या यंत्रातून नव्याचे बळ काढण्याची युक्ती कोणी सांगितली, की आपण तिच्यामागे धावतो. अशाच एका युक्तीविषयी आम्हांस येथे चार शब्द लिहावयाचे आहेत.

प्रसंग असा घडला. आमच्या वर्गातील एका मित्राचे वडील स्वतःची मालमोटार स्वतःच चालवितात. घर सुदामा नगरात आणि सारा संसार त्या एका मोटारीवर. येथून माल भरून ते महाराष्ट्रात जातात आणि परतीचे भाडे घेऊन येतात. मोटार जुनी झाली आहे. नर्मदेच्या खोऱ्यातून माळव्याच्या पठारावर येताना जो घाट लागतो, तेथे तिचा जीव घाबरा होतो. मागे काळ्या धुराचा लोट उठतो आणि पाठीमागची वाहने खोळंबतात. वाटेतील एका धाब्यावर काकांना कोणी सांगितले, “इंजिनाच्या हवेच्या नळीत थोडा गॅस सोडा. गाडी तरुण होईल आणि डिझेलही वाचेल.” ही वार्ता मित्राने वर्गात आणली आणि आमच्यात दोन तट पडले. एक पक्ष म्हणे, ही विज्ञानाची किमया आहे. दुसरा म्हणे, हा आगीशी खेळ आहे. विज्ञानाच्या सरांनी वाद मिटविला नाही. “आधी समजून घ्या, मग भांडा,” एवढेच ते म्हणाले. त्यांच्या आज्ञेप्रमाणे आम्ही जे समजून घेतले, त्याचे सार आणि त्यावरून बनलेले आमचे मत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम डिझेल इंजिनाचे मर्म पाहू. रुडॉल्फ डिझेल या जर्मन यंत्रज्ञाने १८९७ साली ऑग्सबर्ग येथे आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडावी लागते. डिझेलच्या इंजिनात ती लागत नाही. इंजिनाच्या सिलिंडरात केवळ हवा ओढली जाते आणि पिस्टन ती दाबून मूळ आकारमानाच्या सोळाव्या-अठराव्या हिश्श्याएवढी करतो. अशा दाबाने हवा पाचशे अंश सेल्सियसच्याही वर तापते. त्या तप्त हवेत नोझलमधून डिझेलचा फवारा उडतो आणि आपोआप पेट घेतो. डिझेल किती सोडावयाचे, हे पंप ठरवितो. वेग प्रमाणाबाहेर जाऊ नये म्हणून पंपावर गव्हर्नर नावाचा पहारेकरी बसविलेला असतो.

या व्यवस्थेत एक उणीव आहे. फवाऱ्याच्या थेंबांना हवेत मिसळण्यास फार थोडा अवकाश मिळतो. चढावर जेव्हा डिझेल अधिक सोडले जाते, तेव्हा काही थेंबांभोवती पुरेशी हवा नसते आणि कोपऱ्यातील हवा मात्र न वापरता तशीच राहते. अर्धवट जळलेला कार्बन काळा धूर होऊन बाहेर पडतो. हवेबरोबरच थोडा प्रोपेन वायू आत गेला, तर तो आधीच सर्वत्र पसरलेला असतो. प्रोपेन आपण होऊन सहजासहजी पेटत नाही. परंतु डिझेलने पेट घेतला, की त्या ज्योतीने तोही पेटतो आणि कोपऱ्यातील हवाही कामी येते. उष्णता वाढते, जोर वाढतो आणि योग्य प्रमाण साधल्यास धूर कमी होतो. तेव्हा पहिल्या पक्षाचे म्हणणे निराधार नाही, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे.

किंबहुना ही कल्पना आजची नव्हेच. एका इंधनाच्या साह्याने दुसरे पेटविण्याच्या पद्धतीचे पेटंट खुद्द डिझेललाच १९०१ साली अमेरिकेत मिळाले होते. आपल्या देशातही तिचा मोठा प्रयोग झालेला आहे. १४ जानेवारी २०१५ रोजी तत्कालीन रेल्वेमंत्री श्री. सुरेश प्रभू यांनी हरियाणातील रेवाडी येथे डिझेल आणि सीएनजी अशा दुहेरी इंधनावर चालणाऱ्या गाडीचा आरंभ केला. तिच्या चौदाशे अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनात हवेबरोबर वायू मिसळून सुमारे वीस टक्के डिझेलची जागा त्याला दिली होती. तो वायू प्रोपेन नव्हे, मिथेन होता. तत्त्व मात्र हेच.

मग आमचा आक्षेप कशाला आहे? तत्त्वाला नव्हे, तत्त्व अर्धवट समजून ते अंमलात आणण्याला आहे.

पहिली गोष्ट अशी, की परदेशात ज्यास प्रोपेन म्हणतात तो आपल्या स्वयंपाकघरातील टाकीत नसतो. आपल्याकडे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण मिळते. प्रोपेन उणे बेचाळीस अंशांवर उकळतो, तर ब्युटेन जवळजवळ शून्य अंशावर; दोहोंचा स्वभाव एक नव्हे. दाबाखाली अवेळी पेट घेण्याची प्रवृत्ती ब्युटेनमध्ये अधिक असते. अमेरिकेतील एखाद्या मोटारवाल्याने शुद्ध प्रोपेनचे जे प्रमाण बसविले, ते इंदुरात जसेच्या तसे उतरविणे म्हणजे एकाचे औषध दुसऱ्यास पाजणे होय. वायू जास्त झाला, की तो वेळेआधी एकदम भडकतो, इंजिनात ठोके बसू लागतात आणि पिस्टन, व्हॉल्व्ह व हेड गॅस्केट यांवर असह्य ताप येतो. इंजिनाचा जोर वाढविता येतो. त्या जोराला सोसणारे लोखंड मात्र जुनेच राहते.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. गाडी रिकामी किंवा सपाटीवर संथ चालली असता हवेत मिसळलेला वायू इतका विरळ असतो, की ज्योत त्यातून पूर्णपणे पसरत नाही. अशा वेळी तो न जळताच धुराड्यावाटे निघून जातो. म्हणजे पैसाही गेला आणि हवाही बिघडली! म्हणून वायू भाराप्रमाणे कमीजास्त झाला पाहिजे आणि इंजिन थांबताच तत्क्षणी बंद झाला पाहिजे. हे काम हाताने फिरविण्याच्या चावीचे नव्हे. बिचाऱ्या गव्हर्नरला केवळ डिझेलवर पहारा करणे ठाऊक. मागच्या दाराने आत शिरलेल्या वायूची त्याला खबरच नसते. घाट उतरताना चालकाने पाय उचलला आणि वायू वेळेवर तुटला नाही, तर इंजिन त्याचे ऐकेनासे होते. तो क्षण किती घातक, हे सांगावयास नको.

तिसरी गोष्ट बचतीची. शून्यातून शक्ती उत्पन्न होत नाही. एक किलो प्रोपेन एक किलो डिझेलपेक्षा थोडी अधिकच उष्णता देतो, हे खरे. परंतु तो वजनाने हलका आहे. लिटरच्या मापाने पाहिले, तर डिझेलच्या सुमारे दोन-तृतीयांशच उष्णता त्याच्यापासून मिळते. तेव्हा “डिझेल इतके वाचले” असे सांगणाऱ्यास “गॅस किती लागला?” हा प्रश्न विचारलाच पाहिजे. एका खिशातील पैसे दुसऱ्या खिशातून गेले, तर त्यास बचत म्हणता येत नाही.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. असा जुगाड करू पाहणारे पुष्कळदा घरगुती गॅसचीच टाकी गाडीस जोडतात. १४.२ किलोची ती टाकी स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यात उभी राहण्यासाठी केलेली आहे. खड्ड्यांतून धावणाऱ्या मालमोटारीसाठी नव्हे. ती आडवी पडली, तर वायूऐवजी द्रवच नळीत येतो. वायू भराभर ओढला, की टाकी थंड पडते आणि दाब उतरतो. वाहनासाठी बनविलेल्या संचात इंजिनाच्या गरम पाण्याने द्रवाचा वायू करण्याची सोय असते आणि टाकी ऐंशी टक्क्यांवर भरत नाहीत. जुगाडात यांपैकी काहीच नसते. हा वायू हवेहून सुमारे दीडपट जड आहे. गळती झाली, की तो वर उडून न जाता खालीच साचतो आणि हवेत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास पोहोचले, की एका ठिणगीचे निमित्त पुरते. घरगुती गॅस वाहनात वापरणे हा २००० सालच्या केंद्र सरकारच्या आदेशाने गुन्हा आहे, तो उगीच नव्हे. शिवाय देशाला लागणाऱ्या या वायूपैकी निम्म्याहून अधिक परदेशातून आणावा लागतो. चुलीच्या धुरातून गृहिणींची सुटका व्हावी म्हणून जो वायू घरोघर पोहोचविला जातो, तो मालमोटारीच्या नळीत ओतणे आम्हांस नीतीलाही धरून वाटत नाही.

यावर प्रतिपक्षाचा एक प्रश्न उरतो आणि तो टाळण्याजोगा नाही. “नवी गाडी घ्यावयास पैसा कोठून आणावा? गरिबाने जुन्या गाडीवर कसे जगावे?” आमच्या मित्रानेच हा प्रश्न डोळ्यांत पाणी आणून विचारला होता. पुस्तकी उपदेशाने त्याचे समाधान होणार नव्हते. म्हणून आम्ही काकांबरोबर त्यांच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांस सारे ‘उस्ताद’ म्हणतात. शाळेत ते फार शिकले नाहीत. परंतु इंजिनाच्या आवाजावरून त्याचे दुखणे ओळखतात. त्यांनी गॅसचे नाव ऐकून घेतले आणि काही न बोलता एअर फिल्टर काढून आमच्या हाती दिला. तो धुळीने इतका गच्च भरला होता, की त्यातून श्वास जाणेही कठीण! मग ते म्हणाले, “इसको साँस ही नहीं मिल रही, और आप इसे और खाना खिलाओगे?”

त्या एका वाक्यात आमच्या साऱ्या वादाचे उत्तर होते. काळा धूर म्हणजे हवेची भूक. ज्या इंजिनाला आहे ते डिझेल जाळावयासही हवा पुरत नाही, त्यात वायू सोडणे म्हणजे असलेल्या हवेला आणखी एक वाटेकरी आणणे. उस्तादांनी फिल्टर बदलला, झिजलेल्या नोझल बदलून फवारा तपासला, पंपाची वेळ जुळविली आणि टर्बोकडे जाणाऱ्या नळीतील एक चीर शोधून काढली. पुढच्या खेपेहून परतल्यावर काका म्हणाले, “गाडी जुनीच आहे, पण आता घाटात लाजवीत नाही.” जो रोग निगा राखण्याने बरा होणारा होता, त्यावर आपण वायूचे मद्य पाजावयास निघालो होतो!

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. रस्त्याकडेच्या कारागिरास आम्ही तुच्छ लेखीत नाही. उलट त्याच्या बुद्धीस संशोधनाची जोड मिळावी, अशी आमची इच्छा आहे. पुण्यास वाहनांच्या संशोधनासाठी ‘एआरएआय’ ही संस्था १९६६ पासून कार्य करीत आहे. आपल्या इंदुराशेजारी पीथमपूर येथे मालमोटारी बनतात; तेथेच वाहनांच्या कसोटीसाठी ११.३ किलोमीटरची लंबगोलाकार वेगवान धावपट्टी आहे, तिचे उद्घाटन २०२१ साली झाले. वाहनास वायूचा संच बसवावयाचा तर तो अशा मान्य संस्थेने तपासलेला असावा आणि नोंदणीपुस्तकात त्याची नोंद व्हावी, असा नियम आहे. मनास येईल तसा फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचीही मनाई आहे. परंतु केवळ मनाईने गरिबाचे काम भागत नाही. ज्यांच्यापाशी जुन्याच गाड्या आहेत, त्यांच्यासाठी स्वस्त आणि तपासलेले उपाय शोधणे, हेही या मोठ्या संस्थांचे कर्तव्य आहे. नव्या गाडीला वेगवान धावपट्टी मिळते. जुन्या गाडीला निदान एक तपासणीची जागा मिळावी, जेथे तिच्या मालकास धूर कशाने येतो हे खरेखरे सांगितले जाईल.

वायू हा वाहनाचा शत्रू नव्हे, याचा पुरावा आमच्याच शहरात आहे. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी इंदुरात रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायू बनविण्याच्या क्षमतेचा कारखाना सुरू झाला आणि त्याचा वायू शहराच्या बसगाड्यांस देण्याची योजना झाली. मात्र त्या गाड्यांची इंजिने, टाक्या आणि नळ्या वायूसाठीच बनविलेल्या असतात. विज्ञान तेच, फरक आहे तो पूर्वतयारीचा.

आमचे नगर सुदाम्याच्या नावाचे आहे. त्याचे पोहे मूठभरच होते. पण ते योग्य हाती पडले म्हणून त्यांचे सोने झाले. वायूचेही तसेच आहे. योग्य इंजिनात, योग्य मापाने आणि जाणत्या हातांनी दिलेला मूठभर वायू उपकारक ठरेल. अज्ञानाच्या हाती तोच घर जाळील. विद्यार्थी बंधुभगिनींनो, आपल्यापैकी कित्येकजण उद्या यंत्राजवळ उभे राहतील. यंत्र कुरकुरू लागले, की त्यास आणखी काय पाजावे, हे विचारण्याआधी त्याला श्वास घेता येतो की नाही, हे पाहण्याची सवय आपण आजपासूनच लावून घेऊ या.