ठेका कुणाचा, नाव कुणाचं?

२८ जून २०१९ ला 'ओआसिस' नावाचा आठ गाण्यांचा अल्बम आला. कोलंबियातल्या मेदेयीन शहराचा जे बाल्विन आणि पोर्तो रिकोचा बॅड बनी, दोघांचा मिळून. एक रेगेटॉनचा स्टार, दुसरा हिप-हॉपच्या ट्रॅप शाखेतून वर आलेला. त्यामुळे या अल्बमचं कौतुक करताना एक वाक्य हमखास येतं: दोघांनी रेगेटॉन आणि हिप-हॉपचा मिलाफ घडवला.

अल्बम मलाही आवडतो. 'ला कान्सिऑन'मधला तो उदास ट्रम्पेट तर फारच. पण मिलाफ यांनी घडवला म्हणणं म्हणजे वडापावची गाडी लावणाऱ्यानं "पावाची आणि वड्याची ओळख मीच करून दिली" म्हणण्यासारखं आहे. रेगेटॉन जन्मालाच आलं ते मिश्रण होऊन.

पनामा कालवा खणायला जमैका, बार्बाडोसहून हजारो काळे मजूर नेले होते. त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी जमैकन डान्सहॉल स्पॅनिशमध्ये गायला सुरुवात केली. १९८९ च्या सुमाराला जमैकात स्टीली आणि क्लीव्ही या जोडीनं 'फिश मार्केट' नावाचा एक ठेका रचला. शाबा रँक्सच्या 'डेम बो' या गाण्याखाली त्याच धाटणीचा ठेका आहे. मग न्यूयॉर्कजवळच्या एका स्टुडिओत पनामाच्या नँडो बूमसाठी त्या गाण्याची स्पॅनिश आवृत्ती झाली, आणि तिथून तो ठेका पोर्तो रिकोच्या राजधानीत, सान हुआनमध्ये पोचला. तिथं डीजे प्लेयेरोच्या कॅसेटींवर वस्तीतली पोरं त्यावर रॅप करायला लागली. धूम-च-धुम-चिक. आज या ठेक्यालाच 'डेम्बो' म्हणतात. 'देस्पासितो'मध्ये तोच आहे. ते गाणं आमच्याकडे वरातीत बँजो पार्टीनं वाजवलेलं मी स्वतः ऐकलंय!

म्हणजे हिशेब बघा. जमैका, पनामा, न्यूयॉर्क, सान हुआन. बहुतेक सगळे काळे, बहुतेक सगळे गरीब.

आणि त्याची किंमतही त्यांनीच मोजली. १९९५ मध्ये पोर्तो रिकोच्या पोलिसांनी सान हुआनमधल्या कॅसेटच्या दुकानांवर धाडी घातल्या, माल जप्त केला. कारण काय, तर अश्लीलता. तेव्हा गव्हर्नर होते पेद्रो रोसेयो. 'मानो दूरा', म्हणजे 'कडक हात', हे त्यांचं गुन्हेगारीविरोधी धोरण, आणि त्याचा रोख होता सरकारी चाळींवर. आता नियतीचा खेळ म्हणा. 'ओआसिस' आला त्या उन्हाळ्यात गव्हर्नर होता त्यांचाच मुलगा रिकार्दो. त्याचे घाणेरडे चॅट फुटले, लोक रस्त्यावर आले, बॅड बनी दौरा अर्धवट सोडून मोर्चात उतरला, तरुणांनी कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर रेगेटॉनवर नाच केला. शेवटी गव्हर्नरला राजीनामा द्यावा लागला. याबद्दल बॅड बनीला माझा सलाम आहे. पण म्हणून पैशाचा प्रश्न सुटत नाही.

प्रश्न असा. २०१८ मध्ये याच दोघांनी कार्डी बीसोबत 'आय लाइक इट' केलं. ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यात १९६७ चं पीट रॉड्रिग्जचं एक जुनं बुगालू गाणं वापरलंय. त्या जुन्या गाण्याच्या लेखकांची नावं नव्या गाण्याच्या श्रेयात आहेत. का? कारण तिथं चाल घेतली होती, शब्द घेतले होते. कॉपीराइटचा कायदा चाल आणि शब्द ओळखतो. ठेका म्हटलं की तो खांदे उडवतो. आणि कॅरिबियन काळ्या संगीताचा खरा शोध तर ढोल आणि बासमध्येच आहे! ज्याची अक्कल सुरावटीत, त्याला हक्क. ज्याची अक्कल तालात, त्याची ती 'परंपरा', म्हणजे कुणाचीच नाही.

'ओआसिस'च्या यादीतच बघा. 'उन पेसो' गाण्यावर अर्जेंटिनाच्या मार्सियानो कांतेरोचं नाव आहे, शेवटच्या गाण्यावर नायजेरियाच्या मिस्टर ईझीचं. बरोबरच आहे, ते प्रत्यक्ष गायले. पण ज्या पायावर हा सगळा प्रकार उभा आहे, त्या पायाला मुखपृष्ठावर जागा नसते.

याच मुद्द्यावर क्लीव्ही ब्राऊन आणि दिवंगत स्टीलीच्या बाजूनं २०२१ पासून कॅलिफोर्नियात खटला चालवला. प्रतिवादी शंभराहून जास्त, गाणी हजाराच्या वर. 'देस्पासितो'चा लुईस फोन्सी आहे, 'दामे तू कोसिता'वाला एल चोंबो आहे (तो हिरवा नाचणारा प्राणी आठवतोय ना), बॅड बनीसुद्धा आहे. बचाव एकच: ठेका ही कुणाची मालमत्ता असू शकत नाही. २०२४ मध्ये न्यायाधीशांनी खटला सुरुवातीलाच निकाली काढायला नकार दिला.

इथं माझ्यासमोरही पेच आहे, तो लपवत नाही. जमैकात एकाच 'रिडिम'वर, म्हणजे एकाच तयार ठेक्यावर, वीस-वीस गायक आपापली गाणी म्हणतात, ही तिथली रीतच. उद्या कोर्टानं ठेका एका जोडीच्या नावावर केला, तर दंड फक्त मोठ्या कंपन्या भरणार नाहीत. चाळीतल्या खोलीत लॅपटॉपवर पहिलं गाणं बनवणाऱ्या पोरालाही नोटीस जाईल, आणि त्याच्याकडे वकील नसेल. शिवाय ठेका दोघांनीच घडवला म्हटलं तर पनामा आणि न्यूयॉर्कची माणसं पुन्हा बाहेरच.

म्हणून मालकी नको, वाटा हवा, असं माझं मत. ठराविक उलाढालीच्या वर गेलेल्या गाण्यांनी ठेक्याच्या मूळ वादकांसाठी ठराविक टक्का काढावा. छोट्यांना माफी. दुसऱ्याचं गाणं आपल्या आवाजात रेकॉर्ड करायला अमेरिकेत आजही कुणाची परवानगी लागत नाही, ठरलेला दर भरला की झालं. ही सोय तिथं १९०९ पासून आहे. चालीसाठी जे जमलं ते ढोलासाठी जमत नाही, हे मला कुणीतरी पटवून द्यावं. 'संगीत सगळ्यांचं असतं' एवढंच म्हणायचं असेल, तर आधी कंपनीच्या हिशेबनीसाला सांगून बघा.