सवयीलाच सोपे म्हणण्याविषयी

उंबेर्तो एको यांनी १९९४ साली एका इटालियन साप्ताहिकातल्या आपल्या सदरात एक खेळकर प्रमेय मांडले होते. मॅकिन्टॉश कॅथलिक आहे आणि डॉस प्रोटेस्टंट, असे ते प्रमेय. एकीकडे चित्रे दाखवत भक्ताला हाताला धरून पैलतीरी नेणारा पंथ, तर दुसरीकडे प्रत्येकाने आपापल्या बुद्धीने संहितेचा अर्थ लावावा असे सांगणारा. विंडोजला त्यांनी अँग्लिकनांच्या रांगेत बसवले होते. लेख चटकदार आहे, आणि एकोंनी तो गंभीरपणे घ्यावा म्हणून लिहिलेला नाही. दुर्दैव असे की त्यानंतर प्रणालींविषयी बोलणाऱ्या बहुतेकांनी एकोंचा विनोद टाकून दिला आणि धर्म तेवढा उचलला. घरी संगणक घ्यायचा, तर विंडोज, मॅक की लिनक्स, हा प्रश्न आज श्रद्धेचा होऊन बसला आहे. आणि श्रद्धेच्या प्रश्नांत जन्माने मिळालेला पंथच सहसा टिकतो.

आपल्याकडे तर पंथ निवडण्याचीही वेळ येत नाही. दुकानातून यंत्र येते तेच विंडोज घेऊन. पुढे कोणी दुसरी प्रणाली सुचवली की सुशिक्षित, वाचत्या, लिहित्या माणसाकडूनही एकच उत्तर येते: "ते अवघड आहे हो, हे कसे सोपे आहे." हा युक्तिवाद मला मान्य नाही. किंबहुना तो युक्तिवादच नाही. 'सोपे' आणि 'सवयीचे' हे दोन शब्द आपण एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतो, आणि त्या अदलाबदलीची किंमत मराठीत लिहिणाऱ्याला अधिक मोजावी लागते, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे.

सवयीचे तेच सोपे म्हणावे, तर सवयीचे तरी काय राहिले आहे? २००७ च्या ऑफिसमध्ये वर्षानुवर्षांच्या मेनूंची रांग मोडून तिथे 'रिबन' नावाची पट्टी आली. २०१२ साली विंडोज ८ मधून स्टार्टचे बटणच नाहीसे झाले. ओरड झाली, तेव्हा २०१३ च्या ८.१ मध्ये ते परत आणले गेले. २०२१ च्या विंडोज ११ ने तेच बटण डावा कोपरा सोडून मध्याकडे सरकवले. या प्रत्येक वेळी कोट्यवधी माणसांनी मुकाट्याने नवी मांडणी शिकून घेतली. म्हणजे नवे शिकण्याची क्षमता आपल्यात आहे, वयाची अडचण नाही, वेळेचीही नाही. कंपनीने शिकायला लावले की आपण शिकतो. स्वतःच्या निर्णयाने शिकायची वेळ आली की मात्र ते 'अवघड' होते. ही आज्ञाधारकता आहे, आणि तिला सोयीचे नाव देण्यात काही हशील नाही.

(वयाचा विषय निघालाच आहे म्हणून: पु. ल. देशपांडे पन्नाशीच्या आसपास शांतिनिकेतनात राहून बंगाली शिकले, आणि त्यातून 'वंगचित्रे' हाती आले. या गोष्टीचे कौतुक करणारे वाचक स्वतः पंचेचाळिशीत नवा मेनू पाहून घाबरतात, हे मला नेहमीच गमतीचे वाटत आले आहे. असो.)

आता मुद्द्याकडे. माझ्या परिचयातल्या एका छोट्या दिवाळी अंकाच्या संपादकांकडे १९९८ ते २००९ या काळातले बारा अंक संगणकावर आहेत. आहेत म्हणजे कसे, तर पेजमेकरच्या फाइलींत, एका फॉन्टसंचात बांधलेले. तो फॉन्टसंच विकत घेताना एक कुलूप मिळे: संगणकाच्या मागे, प्रिंटरच्या जुन्या खोबणीत खुपसायचा एक ठोकळा. ठोकळा असेल तरच अक्षरे उमटणार. नव्या संगणकांना ती खोबणच नसते. त्यामुळे आज ती फाइल उघडली तर कथा, कविता, संपादकीय, सगळ्याच्या जागी रोमन अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा कचरा दिसतो. कारण त्या काळच्या बहुतेक फॉन्टांत मराठी अशी काही साठवलेलीच नसे. साठवले जाई ते रोमन अक्षर, त्यावर देवनागरी मुखवटा फॉन्टचा. मुखवटा गेला की मराठी गेली. आणि प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा.

हे संपादक गृहस्थ कधीही 'अवघड' प्रणालीच्या वाटेला गेले नाहीत. नेहमी सोपे तेच वापरले, शेजारच्या डीटीपीवाल्याकडे होते तेच. बारा अंकांचे मजकूर आता छापील प्रतींवरून पुन्हा टंकित करावे लागणार आहेत. त्यांच्याविषयी मला सहानुभूती आहे; पण 'सोपे' या शब्दाविषयी ती उरलेली नाही.

म्हणून माझे म्हणणे असे, की प्रणाली निवडताना पडदा कसा दिसतो हे शेवटी पाहावे. आधी पाहावे ते हे: मी लिहिलेले माझ्याकडून दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या प्रणालीवर, वीस वर्षांनंतर जसेच्या तसे नेता येईल का? युनिकोडमुळे यातला मोठा भाग सुटला, आणि याचे श्रेय कोणा एका पंथाचे नाही. विंडोज २००० मध्ये देवनागरी युनिकोड आले ते मंगल फॉन्टासह, आणि तो घडवणारे र. कृ. जोशी हे मराठीतले कवी आणि सुलेखनकार. २००४ साली रेड हॅटने लोहित फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिले. दोन्ही फॉन्टांत लिहिलेला 'क' एकच असतो. हा साधा वाटणारा मुद्दा किती मोठा आहे, हे ठोकळेवाल्या फॉन्टांच्या काळात ज्यांनी काम केले त्यांनाच कळेल.

यानंतर उरतो कळफलक, आणि इथे आपल्या आळसाला खरोखर क्षमा नाही. इन्स्क्रिप्ट नावाचा कळफलक १९८० च्या दशकात भारत सरकारने प्रमाणित केला. तो विंडोजमध्ये, मॅकमध्ये, लिनक्समध्ये अंगचाच असतो. सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावा लागतो इतकेच. त्याची रचना पाहा. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजने. 'के'च्या कळीवर क, तीच शिफ्टसह दाबली की ख. 'आय'वर ग, शिफ्टसह घ. 'ओ'वर द आणि ध, 'एल'वर त आणि थ, 'एच'वर प आणि फ. अल्पप्राण साधी कळ, महाप्राण शिफ्ट. डावीकडे मात्रा साधी, पूर्ण स्वर शिफ्टसह. वर्णमालेची जी व्यवस्था आपण पहिलीत पाठ केली, तीच बोटांखाली मांडलेली. शिवाय गुजराती, बंगाली किंवा कन्नड लिहायचे झाले तर क तिथेही त्याच कळीवर. मराठी शब्द रोमन स्पेलिंगात मनाशी घडवून मग देवनागरीत उमटवण्याचा जो द्राविडी प्राणायाम आपण 'सोपा' म्हणून करतो, त्याच्यापुढे हे पंधरा दिवसांचे काम आहे. आणि ज्याने हे पंधरा दिवस दिले, त्याला प्रणाली बदलताना लिहिण्यापुरते काहीही नव्याने शिकावे लागत नाही. त्याचे मराठी बोटांत असते, यंत्रात नसते.

एक उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही. 'दुसऱ्या' या शब्दातला र. हा अर्धा र मराठीचे खास लेणे. युनिकोडमध्ये तो ऱ या स्वतंत्र अक्षराचा पाय मोडून लिहिता येतो, आणि साध्या र चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालूनही लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. शोधताना मात्र एक लिहिलेले असेल तर दुसरे सापडेलच असे नाही. महाजालावरच्या मराठीत दोन्ही पद्धतींचे लेखन पसरलेले आहे. हे ज्याला ठाऊक आहे तो कोणत्याही प्रणालीवर आपला मजकूर शोधू शकतो. ज्याला ठाऊक नाही त्याला सर्वांत महाग यंत्रही मदत करणार नाही. शिकायचे ते असे काहीतरी असते. बटण कुठल्या कोपऱ्यात आहे, हे शिकणे नव्हे.

आता मालकीविषयी. मुंबईतली पागडीची खोली भाडेकरूची नसते, तरी घरमालकाचा वाटा देऊन ती हस्तांतरित करता येते. यंत्राबरोबर आलेल्या विंडोजचा परवाना त्या यंत्रालाच बांधलेला असतो. यंत्र गेले की तोही गेला. म्हणजे पागडीहून दोन पायऱ्या खाली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला 'टीपीएम २.०' नावाची सुरक्षा-चिप आणि साधारण २०१७ नंतरचा प्रोसेसर लागतो. ज्या यंत्रावर काल कादंबरी लिहून झाली ते आज अचानक जुने ठरते, ते बिघडले म्हणून नव्हे, तर यादीत बसत नाही म्हणून. अशा यंत्राचे काय करावे, तर बहुतेक जण ते भंगारात देऊन नवे घेणार, कारण लिनक्स 'अवघड'. चाळीस-पन्नास हजार रुपये खर्च करण्यापेक्षा पंधरा दिवस शिकणे ज्यांना जड वाटते त्यांच्या हिशेबाविषयी मी अधिक काय बोलावे!

मॅकविषयी थोडक्यात सांगतो, कारण तिथे वाद कमी आणि दिमाख जास्त. अक्षरांकडे इतक्या आस्थेने पाहणारी दुसरी कंपनी क्वचितच असेल, हे खरे. पण १९९४, २००६ आणि २०२० असे तीनदा तिथे प्रोसेसरांचे घराणेच बदलले, आणि दर वेळी काही वर्षांत जुन्या आज्ञावल्या मागे पडल्या. ज्याला दर काही वर्षांनी नवे घ्यायला परवडते त्याने खुशाल घ्यावे.

लिनक्सच्या भक्तांनी मात्र इतक्यात टाळ्या वाजवू नयेत. या प्रणालीचे मराठीत जे व्हायचे ते झाले नाही, याला त्यांचा अहंकार बराचसा कारण आहे. नवखा माणूस प्रिंटर चालत नाही म्हणून विचारतो, तर त्याला मार्गदर्शिका वाचायला सांगतात आणि वर स्वातंत्र्यावर प्रवचन देतात. कोणते वितरण घ्यावे, असे विचारावे तर पाच जण सात नावे घेऊन आपापसांत भांडू लागतात. आणि मुद्रणव्यवसायातल्या माणसाला 'तुमचे सगळे काम इथे होईल' असे सांगणे ही तर शुद्ध थाप होती: अंक मांडण्यासाठीच्या स्क्रायबसच्या स्थिर आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरे नीट यायला २०२४ साल उजाडले. ज्याचे पोट पेजमेकर-फोटोशॉपवर आहे त्याने विंडोज सोडले नाही यात त्याची काही चूक नाही. माझा वाद त्याच्याशी नाहीच. जे फक्त लिहितात, वाचतात, पत्रे पाठवतात आणि चित्रपट पाहतात, त्यांच्याशी आहे.

त्यांच्यासाठी शिकायचे ते खरोखर किती? लिनक्स मिंट किंवा उबुंटू पेनड्राइव्हवरून सुरू करून पाहता येते, संगणकातले काहीही न पुसता. चार दिवस असेच वापरावे. प्रिंटर, वायफाय, आवाज चालतात का तेवढे बघावे. कायमचे बसवण्याआधी मात्र आपल्या सगळ्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवावी. मग तीन गोष्टी बुचकळ्यात टाकतात. एक, 'सी' आणि 'डी' ड्राइव्ह सापडत नाहीत. इथे एकच झाड असते, आणि पेनड्राइव्हसुद्धा त्या झाडाचीच एक फांदी म्हणून दिसते. दुसरे, फाइलीच्या रोमन नावात लहान आणि मोठी लिपी वेगळी धरली जाते. तिसरे, आज्ञावल्या कुठल्याही संकेतस्थळावरून उतरवायच्या नसतात, त्या वितरणाच्या भांडारातून घ्यायच्या. ही तिसरी सवय लागायला सर्वांत वेळ लागतो, कारण 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' हा मंत्र आपल्या अंगी फार मुरलेला आहे. काळ्या पडद्यावर आज्ञा लिहिण्याची रोजच्या कामात गरज पडत नाही. पडली, तर तीही एक भाषाच आहे, आधी क्रियापद आणि मग कर्म अशा रचनेची. व्याकरणाची भीती न वाटणाऱ्यांना तिची का वाटावी?

केरळातल्या सरकारी आणि अनुदानित शाळांत मुले गेली अनेक वर्षे लिनक्सवरच संगणक शिकत आली आहेत, आणि ती काही वेगळ्या मातीची नाहीत. आपल्याकडे एमएस-सीआयटीच्या वर्गांतून लक्षावधी माणसे पहिल्यांदा संगणकापाशी बसली, हे मोठेच काम झाले. पण तिथे 'संगणक' म्हणून जे शिकवले गेले ते मुख्यतः विंडोज आणि ऑफिस होते, आणि त्या वर्गातून बाहेर पडलेल्या माणसाला दोन्ही शब्दांचा अर्थ एकच वाटू लागला. त्या संपादकांनी आता नवा लॅपटॉप घेतला आहे. लेखकांकडून मजकूर युनिकोडमध्ये यावा असे त्यांनी यंदा पहिल्यांदाच कळवले, आणि आलेल्या उत्तरांपैकी निम्म्यांत विचारले आहे, की जुन्याच फॉन्टात पाठवले तर चालेल का, ते सोपे पडते.