दोन वर्षांपलीकडच्या मुलांना वाली कोण?

जानेवारी २०२६ मध्ये संसदेत सादर झालेल्या आर्थिक पाहणी अहवालातील एका सूचनेकडे जितके लक्ष जावयास हवे होते तितके गेलेले नाही. कारखान्यांत तयार होणाऱ्या अतिप्रक्रियायुक्त खाद्यपदार्थांच्या जाहिराती सर्व माध्यमांतून सकाळी ६ ते रात्री ११ पर्यंत बंद ठेवण्याचा विचार व्हावा, असे त्या अहवालाने म्हटले आहे. ही मागणी कोणा आंदोलकाची नाही, खुद्द सरकारच्या अर्थतज्ज्ञांची आहे. २०२३-२४ च्या पाहणीने भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या आधारे सांगितले होते की, देशातील एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार अयोग्य आहारापोटी आहे. २०२४-२५ च्या पाहणीने अशा पदार्थांवर जादा कर बसविण्याची शिफारस केली होती. लागोपाठ तीन वर्षे सरकारचेच तज्ज्ञ एकच गोष्ट सांगत असतील, तर रोग कोणता, हा वाद आता संपला आहे. उपाय योजण्याची इच्छाशक्ती आहे काय, एवढाच प्रश्न उरतो.

अशी बंदी आपल्या देशात चालणार नाही, असे जे म्हणतात त्यांना आपल्याच इतिहासाचे स्मरण करून दिले पाहिजे. १९७० च्या दशकात डब्याच्या दुधाच्या कंपन्यांनी गरीब देशांतील मातांना आपले गिऱ्हाईक केले. पांढऱ्या पोशाखातील विक्रेत्या बाळंतिणींच्या खोलीपर्यंत पोचल्या, फुकट डबे वाटले गेले, गुटगुटीत बाळांची चित्रे भिंतींवर लागली. स्वच्छ पाणी नाही आणि पुरेशी पावडर घ्यावयास पैसा नाही, अशा घरांतील अर्भके त्या पाणीदार दुधावर दगावली. त्याविरुद्ध १९७७ साली नेस्ले कंपनीवर बहिष्काराची चळवळ सुरू झाली आणि १९८१ साली जागतिक आरोग्य परिषदेने आंतरराष्ट्रीय आचारसंहिता स्वीकारली. भारताने १९९२ साली त्यावर स्वतंत्र कायदा केला आणि २००३ साली तो अधिक कडक केला. आज दोन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी असलेल्या दुधाच्या पर्यायांची आणि शिशुआहाराची जाहिरात करणे हा आपल्याकडे गुन्हा आहे. फुकट नमुने वाटता येत नाहीत, डब्यावर बाळाचे चित्र छापता येत नाही आणि नियम मोडणाऱ्यास तुरुंगवासाची तरतूद आहे.

या कायद्याने कोणता अनर्थ ओढवला? दुधाच्या कंपन्या बुडाल्या नाहीत, वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य संपुष्टात आले नाही, ज्या मातेला डब्याच्या दुधाची खरोखर गरज आहे तिला ते मिळेनासे झाले नाही. मग आमचा सरळ प्रश्न असा की, दुसरा वाढदिवस उलटताच बालकाचे हे संरक्षण का संपावे? काल जे मूल राज्यसंस्थेच्या रक्षणास पात्र होते, ते आज बाजाराच्या हवाली करण्याइतके शहाणे कसे झाले?

जाहिरात म्हणजे केवळ माहिती, हा युक्तिवाद प्रौढांच्या बाबतीतही अर्धाच खरा आहे. मुलांच्या बाबतीत तो मुळीच खरा नाही. कार्यक्रम कोठे संपला आणि विक्री कोठे सुरू झाली, हे चारपाच वर्षांच्या मुलाला कळत नाही. आवडता क्रिकेटपटू किंवा कार्टूनमधील प्राणी हाती पाकीट घेऊन येतो, तेव्हा तो पैसे घेऊन बोलत आहे, ही शंकाही त्याच्या मनास शिवत नाही. कंपन्यांना हे पक्के ठाऊक आहे. पाकिटातील खेळणे, स्टिकर, बक्षिसाचे कूपन यांचा उद्देश मुलाला पदार्थाची माहिती देण्याचा नसतो. मुलाने घरी हट्ट धरावा, एवढ्याचसाठी त्यांची योजना असते. दिवसभर कामावर असलेल्या, संध्याकाळी थकून घरी येणाऱ्या आईशी एका अवाढव्य उद्योगाने तिच्याच मुलाकरवी केलेली ही झुंज आहे.

या झुंजीत सर्वांत दुबळी बाजू गरिबाची आहे. हा श्रीमंतांच्या लठ्ठ मुलांचा प्रश्न आहे असे समजणारे लोक पाच रुपयांच्या पाकिटाचे अर्थशास्त्र विसरतात. शुद्ध पाण्याचा नळ जेथे पोचला नाही तेथे हे पाकीट पोचले आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे. त्याच पाहणीत त्याच वयोगटातील जादा वजनाच्या मुलांचे प्रमाण २.१ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर गेलेले दिसते. उपासमार आणि स्थूलता या दोन व्याधी आता एकाच वस्तीत, कधी एकाच घरात नांदत आहेत. मीठ, साखर आणि तेल यांनी पोट भरल्याचा भास होतो, भुकेची वेळ टळते आणि भाकरी, डाळ, अंडे यांची जागा रिकामीच राहते.

युनिसेफने सप्टेंबर २०२५ मध्ये जगाला सावध केले. ५ ते १९ वयोगटात लठ्ठ मुलांचे प्रमाण (९.४ टक्के) प्रथमच कमी वजनाच्या मुलांच्या प्रमाणापुढे (९.२ टक्के) गेले. दक्षिण आशिया आणि सहारापलीकडचा आफ्रिका हे दोनच प्रदेश याला अपवाद आहेत. या अपवादात भूषण मानण्यासारखे काही नाही, कारण आपल्याकडे कमी वजनाची मुले अजून फार आहेत, एवढाच त्याचा अर्थ. परंतु दुसरे संकट पुरते अंगावर येण्यापूर्वी आपल्या हाती थोडा अवधी आहे, हेही त्यातून दिसते.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्र शासनाने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून असे पदार्थ हद्दपार करण्याचा निर्णय घेतला. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी शाळेच्या आवारात व फाटकापासून ५० मीटरपर्यंत त्यांची विक्री आणि जाहिरात यांना मनाई केली. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मुलांच्या वाहिन्यांवर आणि मुलांच्या कार्यक्रमांत चिप्स व फसफसणाऱ्या पेयांच्या जाहिराती नकोत, असे बजावले. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे २०२५ मध्ये शाळांना साखरेचे धोके सांगणारे फलक लावावयास सांगितले.

हे सर्व स्वागतार्ह आहे, परंतु कुंपणात मोठाल्या फटी आहेत. पहिली फट अशी की, मुले केवळ मुलांच्या वाहिन्या पाहत नाहीत. ती घरच्यांबरोबर क्रिकेटचा सामना पाहतात, रात्रीची मालिका पाहतात आणि हाती मोबाइल असेल तर कोणत्याही वाहिनीविना चित्रफिती पाहतात. दुसरी फट व्याख्येची. ‘जंक फूड’ हा शब्द नियमात आला, पण शंभर ग्रॅममध्ये साखर, मीठ वा चरबी किती झाली म्हणजे पदार्थ त्यात मोडतो, याचा आकडा त्यात नाही. आकडा नसला की प्रत्येक कंपनीला आपला माल पौष्टिक वाटू लागतो. वर्षानुवर्षे ‘आरोग्यपेय’ म्हणून मिरविलेल्या बोर्नव्हिटासारख्या पेयांना त्या वर्गातून काढण्याची सूचना वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना दिली ती एप्रिल २०२४ मध्ये. कारण असे की, अन्नसुरक्षा कायद्यात आरोग्यपेय नावाची वस्तूच नाही! तिसरी फट स्वयंनियमनाची. जाहिरात मानक परिषद १९८५ पासून अस्तित्वात आहे, पण ती जाहिरातदारांनीच उभारलेली संस्था आहे. चोराने आपल्याच घराची झडती घ्यावी, असे कोणताही पोलीस अंमलदार म्हणणार नाही.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा. व्यापारी जाहिरात ही अभिव्यक्ती आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली टाटा प्रेस खटल्यात मान्य केले, हे खरे. परंतु दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना ते संरक्षण नाही, हेही त्याच निकालात आहे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात तेरा वर्षांखालील मुलांना उद्देशून कोणतीही व्यापारी जाहिरात करण्यास १९८० पासून मनाई आहे. एका खेळणी कंपनीने तिला आव्हान दिले असता तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली ती वैध ठरविली. आपल्या संविधानाचे ४७ वे कलम लोकांचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे आद्य कर्तव्य मानते आणि ३९ वे कलम बालपणाचे शोषणापासून रक्षण करावयास सांगते. ज्याला प्रतिवादच करता येत नाही अशा मुलाशी केलेला व्यवहार हा विचारस्वातंत्र्याचा आविष्कार नव्हे.

दुसरा आक्षेप असा की, ही जबाबदारी आईबापांची आहे. ती आहेच. म्हणूनच त्यांच्याविरुद्ध रोज चाललेला प्रचार थांबविणे ही राज्याची जबाबदारी ठरते. तिसरा आक्षेप रोजगाराचा. गाडीवर वडापाव विकणाऱ्याच्या पोटावर पाय येईल, अशी हाकाटी केली जाते. पण वडापाववाला दूरचित्रवाणीवर जाहिरात करीत नाही. कायद्याचा रोख जाहिरातीवर ठेवला, तर हातगाडीला त्याची झळ लागण्याचे कारण नाही. तसा तो ठेवला जावा, अशी आमची मागणी आहे.

इतर देशांनी केलेले प्रयोगही समोर आहेत. चिलीने २०१६ पासून वेष्टनावर काळी अष्टकोनी इशारापट्टी सक्तीची केली, इशारा असलेल्या पाकिटांवरील कार्टून हटविले आणि मुलांना उद्देशून होणाऱ्या जाहिरातींवर बंदी घातली. पुढे सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत अशा पदार्थांच्या जाहिराती दूरचित्रवाणीवरून बंद केल्या. पहिल्या टप्प्यानंतर तेथील साखरयुक्त पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटल्याचे अभ्यासकांना आढळले. ब्रिटनने ५ जानेवारी २०२६ पासून रात्री ९ पूर्वी दूरचित्रवाणीवर आणि ऑनलाइन सशुल्क जाहिरातींत सर्व वेळ अशी बंदी अमलात आणली.

यास्तव १९९२ च्या कायद्याच्या धर्तीवर केंद्राने स्वतंत्र कायदा करावा. त्यात साखर, मीठ व चरबी यांच्या मर्यादा आकड्यांत सांगितलेल्या असाव्यात. संरक्षण अठरा वर्षांपर्यंत असावे. बंदी मुलांच्या कार्यक्रमापुरती न राहता वेळेनुसार आणि मोबाइलवर संपूर्ण असावी. खेळाडू व नट यांची शिफारस, पाकिटातील खेळणी आणि शालेय स्पर्धांचे प्रायोजकत्व यांनाही ती लागू व्हावी. शिशुआहाराच्या कायद्याप्रमाणे स्वयंसेवी संस्थांना न्यायालयात तक्रार दाखल करण्याचा अधिकार असावा. अधिकाऱ्यांच्या मर्जीवर सोडलेला कायदा कागदावरच राहतो, हा आपला अनुभव आहे.

मात्र केवळ बंदीने पोट भरत नाही. महाराष्ट्रात शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याची योजना २०२३ साली आली आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने तिच्यासाठी पैसा देणे थांबविले. शाळांनी लोकवर्गणीतून अंडी आणावीत, असा सल्ला देण्यात आला. एका हाताने अंडे काढून घ्यावयाचे आणि दुसऱ्या हाताने पाकिटाच्या जाहिरातीला वाट मोकळी ठेवावयाची, हे धोरण मुलांच्या हिताचे नाही. शिक्षक संघटना, अंगणवाडी सेविका, महिला मंडळे आणि ग्रामसभा यांनी अंड्याची मागणी व जाहिरातबंदीची मागणी एकत्रच केली पाहिजे. डब्याच्या दुधाविरुद्धची लढाई लोकांनी रेटली म्हणून कायदा झाला. दोन वर्षांपलीकडच्या मुलांसाठीही ती लोकांनाच रेटावी लागेल.