विश्लेषण : स्कूटरचा ड्रेन बोल्ट का अडकतो? आटे गेल्यावर भुर्दंड कोणाला?

स्कूटरचे इंजिन ऑइल बदलणे हे देखभालीतले सर्वांत साधे काम मानले जाते. पण जुने ऑइल ज्या छिद्रातून काढायचे, त्याचा बोल्टच निघाला नाही, त्याचे डोके गोल झाले किंवा आटे गेले, तर हेच काम इंजिनची केसिंग बदलण्यापर्यंत पोहोचू शकते. 'गाडी जुनी आहे, गंज धरलाय' असे कारण ग्राहकाला ऐकवले जाते. ते बहुतेक वेळा अर्धेच खरे असते. बोल्ट अडकण्याचे मुख्य कारण गंजापेक्षा आधीच्या सर्व्हिसिंगमध्ये तो ज्या पद्धतीने आवळला गेला, त्यात असते.

हा बोल्ट नेमका कुठे असतो?

इंजिनच्या तळाशी ऑइल साठते. त्या तळाला खालून एक छिद्र असते आणि ते बंद करणारा बोल्ट म्हणजे ड्रेन बोल्ट. १९७२ मध्ये आलेल्या बजाज चेतकसारख्या जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरमध्ये इंजिनचे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून जळत असे, त्यामुळे ते बदलण्याचा प्रश्न नव्हता. तेव्हा खालून काढावे लागे ते फक्त गिअर बॉक्सचे ऑइल. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून फोर-स्ट्रोक विनागिअर स्कूटर घरोघरी पोहोचल्या आणि हा बोल्ट दर सर्व्हिसिंगला उघडू लागला.

या स्कूटरमध्ये खाली दोन वेगवेगळे बोल्ट असतात. एक इंजिन ऑइलचा आणि दुसरा, मागच्या चाकाजवळचा व सहसा आकाराने लहान, गिअर ऑइलचा. घाईत चुकून दुसराच उघडला, तर गिअर ऑइल सांडते आणि इंजिनमध्ये जुन्याच्या जोडीला नवे ऑइल भरले जाते. त्यामुळे पाना लावण्यापूर्वी वाहनासोबत मिळालेली पुस्तिका पाहणे आवश्यक ठरते.

बोल्ट अडकतो कशामुळे?

पहिले कारण धातूचे. बोल्ट पोलादाचा, तर इंजिनची केसिंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची. ॲल्युमिनियम मऊ असते. शिवाय दोन भिन्न धातू एकमेकांना चिकटून असताना त्यांच्यामध्ये पाणी आणि क्षार शिरले, की ॲल्युमिनियम झिजून पांढरट भुकटीसारखा थर तयार होतो. पावसाळ्यातला चिखल आणि कोकण किनाऱ्यावरची खारी हवा या प्रक्रियेला हातभार लावते. 'गंज धरलाय' हे कारण इथपर्यंत खरे आहे.

मात्र बोल्टचे आटे आतून कायम ऑइलमध्ये असतात, त्यामुळे गंज खोलवर सहसा पोहोचत नाही. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण आहे वॉशर, म्हणजे गॅरेजच्या भाषेतला वायसर. ॲल्युमिनियमचा किंवा तांब्याचा हा वॉशर बोल्ट आवळताना किंचित चेपतो आणि फट भरून काढतो. एकदा चेपलेला वॉशर पुन्हा तितक्या चांगल्या प्रकारे चेपत नाही. तोच परत वापरला, की थेंब-थेंब ऑइल गळू लागते. गळती थांबवायला बोल्ट आणखी आवळला जातो. पुढच्या वेळी आणखी थोडा. चहाच्या किमतीत मिळणारा वॉशर वाचवण्याची किंमत अशी दर सर्व्हिसिंगला मऊ आटे मोजत राहतात.

किती जोर पुरेसा असतो?

बोल्ट किती आवळायचा, याचे माप न्यूटन-मीटरमध्ये असते. ड्रेन बोल्टसाठी ते गाडीनुसार बदलते. १२ मिलिमीटर आट्यांच्या बोल्टसाठी ते साधारण २० ते ३० न्यूटन-मीटरच्या पट्ट्यात असते, तर गिअर ऑइलच्या लहान बोल्टसाठी त्याहून बरेच कमी. २५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला दहा किलो वजन लटकवले, तर जेवढा जोर पडेल तेवढा म्हणजे जवळपास २५ न्यूटन-मीटर. एका हाताने, मनगट फारसे न ताणता हे होते.

आता पान्याला पाइप लावून त्याची लांबी ६० सेंटिमीटर केली आणि त्यावर चाळीस किलोचा भार टाकला, तर तोच जोर २४० न्यूटन-मीटरच्या आसपास जातो. म्हणजे गरजेच्या जवळपास दहापट. एवढ्या जोराला पोलादाचा बोल्ट कदाचित टिकेल, केसिंगचे आटे टिकणार नाहीत. हवेच्या दाबावर चालणाऱ्या गनने बोल्ट आवळला, तर नेमका किती जोर लागला हे हाताला कळतही नाही. आटे तिथल्या तिथे तुटतातच असे नाही. अनेकदा ते ताणले जातात आणि पुढच्या सर्व्हिसिंगला, दुसऱ्याच कोणाच्या हातात, बोल्टबरोबर बाहेर येतात.

अडकलेला बोल्ट काढावा कसा?

गाडी सपाट जागेवर मेन स्टँडवर लावून इंजिन दोन-तीन मिनिटे चालवावे आणि बंद करावे. ऑइल कोमट झाले की पातळ होऊन नीट उतरते. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे धरलेला जोडही थोडा हलतो. लांबून फिरून आल्याबरोबर मात्र बोल्ट उघडू नये, हात भाजतो. गॅसची ज्योत लावून बोल्ट तापवण्याचा प्रकार तर टाळावाच. जवळच पेट्रोलची नळी, रबरी सील आणि खुद्द ऑइल असते.

बोल्टचे डोके आणि भोवतालचा चिखल ब्रशने साफ करावा. गंज सोडवणारे तेल कडेने सोडून अर्धा तास थांबावे. त्यानंतर नेमक्या मापाचे सहा कोनी सॉकेट किंवा रिंग पाना पूर्ण आत बसवावा. ॲडजस्टेबल पाना किंवा पक्कड इथे घात करते, कारण ती कडांवर घसरते. बारा कोनी सॉकेट सैल बसत असेल, तर तेही टाळलेले बरे.

दिशेचा गोंधळ हाही मोठा शत्रू. बोल्टच्या डोक्याकडे समोरून, म्हणजे खालून पाहिले, तर तो घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो. वरून वाकून हात खाली घालणाऱ्याला ही दिशा उलटी भासते आणि कित्येक 'अडकलेले' बोल्ट सोडवण्याच्या नादात आणखी आवळले जातात. दिशेची खात्री झाल्यावर पाना सॉकेटवर दाबून धरावा आणि त्याच्या टोकाला तळव्याने किंवा रबरी हातोडीने छोटा, झटक्याचा फटका द्यावा. हळूहळू वाढवत नेलेल्या जोरापेक्षा असा झटका धरलेली पकड लवकर मोडतो. पाना घसरण्याची चाहूल लागताच थांबावे. डोके वाचले आहे तोवर सारे उपाय शिल्लक असतात.

डोके गोल झाल्यास काय?

डोके १७ मिलिमीटरचे असून गोल झाले असेल, तर १६ चे सॉकेट हातोडीने ठोकून बसवता येते का, हे अनुभवी मेकॅनिक आधी पाहतो. त्याने काम झाले नाही, तर आतून उलट्या दातांचे, गोल झालेले बोल्ट काढण्यासाठीच बनवलेले सॉकेट मिळते. घट्ट बसणारी लॉक पक्कड हा त्यानंतरचा मार्ग. छिन्नीने डोक्याला खाच पाडून बोल्ट फिरवणे किंवा डोक्यावर नट वेल्ड करणे हे शेवटचे उपाय आणि ते वर्कशॉपमध्येच व्हावेत. छिन्नीचा एक चुकीचा घाव केसिंगला तडा देऊ शकतो. बाहेर आलेला बोल्ट कितीही घासून चकचकीत केला, तरी पुन्हा वापरू नये.

पुन्हा बसवताना कोणती काळजी घ्यावी?

बसण्याची जागा स्वच्छ पुसावी. जुना वॉशर कधी कधी केसिंगलाच चिकटून राहतो. तो तसाच ठेवून त्यावर नवा घातला, तर गळती ठरलेली. काही स्कूटरींमध्ये ऑइलच्या जाळीचे मोठे झाकणही याच भागात असते. तिथे जाळी, स्प्रिंग आणि रबरी रिंग मूळ क्रमानेच बसवावी लागते.

नव्या वॉशरसह बोल्ट आधी फक्त बोटांनी फिरवावा. तीन-चार आटे बोटांनी सहज गेले पाहिजेत. सुरुवातीलाच अडला, तर तो तिरका लागला आहे असे समजून बाहेर काढावा. पान्याने रेटणे म्हणजे नवे संकट ओढवून घेणे. शेवटची पकड टॉर्क रेंचने, पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर द्यावी. मग ठरलेल्या मापाचे ऑइल भरून इंजिन थोडा वेळ चालवावे, बंद करून काही मिनिटांनी पट्टीवर पातळी तपासावी आणि बोल्टखाली कोरडा पुठ्ठा ठेवून रात्रभर थेंब पडतो का, हे पाहावे.

थेंबभर गळतीचे एवढे काय?

बहुतेक ११० सीसी स्कूटरमध्ये ऑइलच पाऊण लिटरच्या आसपास असते. मोटारीच्या तुलनेत हा साठा फार तुटपुंजा. थोडी गळतीही महिन्याभरात पातळी धोक्याखाली नेते आणि कोरडे पडलेले इंजिन जाम होते. दुसरा धोका अधिक थेट आहे. स्कूटरमध्ये इंजिन मागच्या चाकाला लागूनच असते. सैल झालेला किंवा आटे गेलेला बोल्ट चालत्या गाडीत निसटला, तर ऑइल मागच्या टायरखाली जाते. ओल्या वळणावर याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको.

आटे गेलेच, तर केसिंग बदलणे हा एकमेव मार्ग नसतो. छिद्र किंचित मोठे करून नवे आटे मारून त्यात पोलादी कॉइल किंवा बुश बसवता येतो. नीट केलेले हे काम मूळ आट्यांपेक्षाही टिकाऊ ठरते. मात्र आटे मारताना पडलेला ॲल्युमिनियमचा चुरा इंजिनमध्ये राहता कामा नये. टेफ्लॉन टेप किंवा एम-सील लावून 'चालवून घेणे' ही दुरुस्ती नव्हे.

मग जबाबदारी कोणाची?

प्रश्न खरा इथे आहे. ज्याच्या हातात बोल्ट तुटतो तो म्हणतो, आधीच्याने आवळला होता. आधीचा म्हणतो, माझ्याकडून गाडी व्यवस्थित गेली. नुकसान सोसतो तो वाहनधारक, ज्याने त्या बोल्टला कधी हातही लावलेला नसतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पैसे देऊन घेतलेल्या सेवेतील त्रुटीबद्दल दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही उपलब्ध आहे. पण त्रुटी कोणाची, हे दाखवायला पुरावा हवा. सर्व्हिसिंगच्या कागदावर बहुधा फक्त 'ऑइल बदलले' एवढेच लिहिलेले असते.

मेकॅनिकची बाजूही समजून घ्यायला हवी. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये दिवसाला होणाऱ्या गाड्यांवर कमाई ठरते. ग्राहकाला काम दहा मिनिटांत हवे असते आणि वॉशरचे वेगळे पैसे लावले, तर त्याच्याच कपाळाला आठी पडते. अनेक जुन्या मेकॅनिकचा हात इतका बसलेला असतो, की टॉर्क रेंचशिवायही ते योग्य जागी थांबतात. मात्र तोच बोल्ट पुढच्या वेळी नव्या पोराच्या हाती येतो. एका कारागिराच्या अंदाजावर सबंध व्यवस्था उभी राहू शकत नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरला तर ही सबबही नाही. त्यांच्याकडे पुस्तिका असते, साधने असतात आणि मजुरीचा दरही त्याच हिशेबाने आकारला जातो.

म्हणूनच तीन गोष्टी नियम म्हणून रुजायला हव्यात. प्रत्येक ऑइल बदलाला नवा वॉशर आणि तो बिलात वेगळा दाखवलेला. बोल्ट ठरलेल्या मापावर आवळल्याची कागदावर नोंद, आवळणाऱ्याच्या सहीसह. आणि बोल्ट पहिल्या प्रयत्नात सुटला नाही, तर पाइप लावण्यापूर्वी ग्राहकाला बोलावून दाखवणे व त्याची संमती घेणे. यातल्या एकाही गोष्टीला मोठा खर्च नाही. वाहनधारकांनीही 'लवकर करा' म्हणण्याऐवजी 'वॉशर नवा टाकला का?' एवढे विचारले, तरी निम्मे बोल्ट 'हट्टी' होणार नाहीत. जुना वॉशर परत मागून घेणे हा त्यावरचा सर्वांत सोपा पुरावा.