विश्लेषण : ईव्हींच्या स्पर्धेत इंजिनाऐवजी बॅटरीची हमी निर्णायक ठरणार?

मोटार घेताना आजवर पहिला प्रश्न असे, ‘ॲव्हरेज किती देते?’ इलेक्ट्रिक मोटार घेणारा आधी विचारतो, ‘बॅटरी किती वर्षे चालेल?’ टाटा, महिंद्रा, एमजी आणि मारुती सुझुकी यांच्यातील स्पर्धा आता याच प्रश्नाभोवती फिरते आहे. बॅटरीची जोखीम कोण उचलणार, कंपनी, पहिला मालक की दुसरा, यावर ब्रँडची पत ठरणार आहे.

इंजिन गेल्याने काय बदलते?

पेट्रोल इंजिनात शेकडो सुटे भाग असतात आणि ते विकसित करायला अनेक वर्षे लागतात. त्या तुलनेत विद्युत मोटर सुटसुटीत. झटपट वेग आणि शांत चाल जवळपास प्रत्येक ईव्हीत मिळते. त्यामुळे ‘आमचे इंजिन भारी’ हा दावा निकालात निघतो.

अर्थात, ब्रँड म्हणजे केवळ इंजिन कधीच नव्हते. फियाटचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन एकेकाळी मारुती स्विफ्ट, टाटा इंडिका व्हिस्टा आणि फियाट पुंटो या तिन्ही गाड्यांत होते. पुण्याजवळच्या रांजणगावातही ते तयार होई. तरीही बाजार मारला तो स्विफ्टने. गावोगावची सर्व्हिस सेंटर आणि जुन्या गाडीला मिळणारी चांगली किंमत मारुतीच्या कामी आली.

मग बॅटरी तरी स्वतःची असते का?

बहुतेकदा नाही. महिंद्राच्या ‘बीई ६’ व ‘एक्सईव्ही ९ई’ आणि मारुतीची ‘ई-विटारा’ यांतील सेल चीनच्या ‘बीवायडी’ समूहाचे आहेत. १९९५ मध्ये बॅटरी उत्पादक म्हणून सुरू झालेली ही कंपनी भारतात स्वतःच्या मोटारीही विकते. म्हणजे पुरवठादारच प्रतिस्पर्धी आहे. टाटा समूह ‘अग्रतास’मार्फत गुजरातेतील साणंद येथे सेलचा कारखाना उभारत आहे, तो हे परावलंबित्व कमी करण्यासाठीच. सेल सारखेच असतील, तर वेगळेपण उरते ते सॉफ्टवेअर, सेवा आणि हमी यांत.

हमीची चढाओढ कशी सुरू झाली?

जानेवारी २०२० मध्ये ‘नेक्सॉन ईव्ही’ आणून टाटाने या बाजारात आघाडी घेतली. एकेकाळी ७० टक्क्यांहून अधिक असलेला तिचा हिस्सा २०२५ मध्ये ४० टक्क्यांच्या आसपास आला. धक्का दिला तो सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या एमजी ‘विंडसर’ने. मोटार ९.९९ लाखांना आणि बॅटरी प्रतिकिलोमीटर साडेतीन रुपये भाड्याने, अशी तिची सुरुवातीची योजना होती. सोबत पहिल्या मालकाला बॅटरीची आजीवन वॉरंटी आणि तीन वर्षांनी ६० टक्के किमतीला गाडी परत घेण्याची हमी. त्यानंतर महिंद्रा आणि टाटा यांनीही आजीवन वॉरंटी देऊ केली.

बॅटरी भाड्याने घेणे परवडते का?

‘विंडसर’ची बॅटरीसह सुरुवातीची किंमत १३.५० लाख होती. दोन्ही किमतींतील फरक ३.५१ लाखांचा. साडेतीन रुपये दराने तो साधारण एक लाख किलोमीटरनंतर भरून निघतो. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याला त्यासाठी आठ वर्षांहून अधिक काळ लागेल. व्याजाचा हिशेब आणि चार्जिंगचा खर्च वेगळा. कमी फिरणाऱ्याला ही योजना सोयीची, रोज लांबचा प्रवास करणाऱ्याला महाग. भाडे करारात दरमहा किमान किलोमीटरची अट आहे का, हेही पाहावे लागते.

‘आजीवन’ म्हणजे नेमके किती?

इथे ग्राहकाने थांबून वाचले पाहिजे. अशी वॉरंटी साधारणपणे खासगी वापर करणाऱ्या पहिल्या मालकापुरती असते. गाडी दुसऱ्याच्या नावावर गेली की ती ठरावीक वर्षे आणि किलोमीटरपुरती उरते. शिवाय हमी टिकते ती कंपनी टिकेल तोवरच. अमेरिकेतील ‘फिस्कर’ जून २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा तिच्या गाड्यांच्या सॉफ्टवेअर आणि सुट्या भागांचे काय, असा प्रश्न मालकांपुढे उभा राहिला. शेवरोले आणि फोर्ड यांनी भारतातून घेतलेली माघारही ग्राहक विसरलेले नाहीत.

दुसरी अडचण किमतीची आहे. ‘ब्लूमबर्गएनईएफ’च्या पाहणीनुसार २०१० मध्ये प्रतिकिलोवॉट-तास एक हजार डॉलरहून महाग असलेला बॅटरी पॅक २०२४ मध्ये ११५ डॉलरवर आला. नव्या ग्राहकासाठी ही आनंदाची बातमी, जुनी ईव्ही विकणाऱ्यासाठी मात्र डोकेदुखी. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल मोटारींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ईव्हींचा दर ५ टक्केच राहिल्याने त्यांचा करातील फायदा घटला.

पुढे काय व्हायला हवे?

युरोपीय महासंघात १८ फेब्रुवारी २०२७ पासून ईव्हीच्या बॅटरीला डिजिटल ‘पासपोर्ट’ सक्तीचा होणार आहे. त्यात बॅटरीची घडण आणि तिच्या स्थितीची नोंद असेल. भारतातही जुनी गाडी घेणाऱ्याला बॅटरीची उरलेली क्षमता त्रयस्थ प्रमाणपत्रातून कळली पाहिजे आणि वॉरंटी मालकाऐवजी गाडीला जोडली गेली पाहिजे. नवी ईव्ही न परवडणारा मध्यमवर्ग जुन्या गाड्यांच्या बाजारातच येणार आहे. त्याला ठोस हमी मिळाली नाही, तर बॅटरीची सगळी जोखीम शेवटी त्याच्याच गळ्यात पडेल. ही जोखीम जी कंपनी स्वतःकडे घेईल, तिचेच नाव ईव्हींच्या बाजारात टिकेल.